बांधावरील गिरिपुष्प आणि भाताचें खत

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा पाऊस भाताचा पोशिंदा खरा; परंतु तोच जमिनीचें सत्त्व धुवून नेणाराही आहे. एका खाचरांतून दुसऱ्या खाचरांत आणि तेथून ओढ्यांत जाणारें पाणी आपल्याबरोबर खताचा अंशही घेऊन जातें. म्हणून कोंकणांतील शेतकऱ्यास दर वर्षीं जमिनीला नव्यानें कांहीं द्यावें लागतें. तें कोठून आणावयाचें, हा प्रश्न आमच्या वडीलधाऱ्यांपुढें होता, तसाच आज आमच्यापुढें आहे. फरक इतकाच, कीं त्यांच्याजवळ भरलेला गोठा होता आणि आमचा गोठा रिकामा होत चालला आहे. बैलांची जागा पॉवर टिलरनें घेतली. घरांतील तरुण मंडळी धाटाव-नागोठण्याच्या कारखान्यांत किंवा मुंबईस कामास जातात. गुरें कमी झालीं, तेव्हां शेणही कमी झालें. आणि शेणाच्या जागीं युरियाची गोणी आली. गोणी पिकाला हिरवें करते, पण मातीला खाऊं घालीत नाहीं. या लेखांत, बांधावर उभें राहून गोठ्याची उणीव अंशतः भरून काढील अशा एका झाडाचा विचार आम्हीं योजिला आहे.

राबांत काय जळतें

या भागांतील जुनी रीत म्हणजे राब. उन्हाळ्यांत तरव्याच्या जागेवर शेण, डहाळ्या, पालापाचोळा व गवत यांचे थर देऊन, वर माती पसरून तें सर्व भाजावयाचें आणि पाऊस पडतांच त्या जागीं भात पेरावयाचें. ही रीत केवळ अडाणीपणाची आहे असें समजणें चूक होय. भाजल्यानें तणांचें बीं मरतें, राखेंतून पालाश मिळतो, तापलेल्या मातींतील अन्नांश मोकळे होतात आणि रोप जोमानें उठतें. डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा रीतसर शास्त्रीय अभ्यास करून तो १९१२ सालीं प्रसिद्ध केला, यावरूनच ही रीत विचार करण्यासारखी होती हें दिसून येईल.

तथापि राबाची किंमत मोठी आहे. ऐन, किंजळ यांसारख्या झाडांच्या डहाळ्या तोडून डोंगर बोडके होतात. राबासाठीं झाडें तोडण्याच्या हक्कावरून सरकार आणि रयत यांच्यांत जुना तंटा आहे. १८८५ सालीं नेमलेल्या मुंबई जंगल कमिशनपुढें ठाणें आणि तेव्हांचा कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनचा रायगड, या दोन जिल्ह्यांचा हाच प्रश्न होता. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्याहून मोठें नुकसान डोळ्यांस न दिसणारें आहे. पालाश राखेंत उरतो, पण पाल्यांतील व शेणांतील बहुतेक नत्र धुराबरोबर आकाशांत जातो. ज्यापासून मातीचा भुसभुशीतपणा वाढावयाचा तो सेंद्रिय अंशही जळून जातो. डोंगरावरून डोक्यावर वाहून आणलेल्या भाऱ्याचा निम्मा लाभ आपण आपल्याच हातानें फुंकून टाकतों. जें जाळलें तें गेलें. जें चिखलांत तुडविलें तें राहिलें. एवढें सूत्र ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील विवेचन सोपें होईल.

झाडाची ओळख

थंड मुलखांत ब्लॅक लोकस्ट अथवा रोबिनिया या नांवाचें एक झाड शेतकऱ्यांच्या फार उपयोगाचें समजलें जातें. तें मूळचें अमेरिकेंतील. पुढें युरोपांत, विशेषतः हंगेरींत, त्याची मोठी लागवड झाली. तोडलें तरी पुन्हां फुटणें, कुंपणास टिकाऊ खांब देणें, मधमाश्यांस फुलोरा पुरविणें आणि मुळांवरील गांठींच्या योगानें हवेंतील नत्र जमिनींत आणणें हे त्याचे गुण. आपल्या देशांत तें हिमालयाच्या थंड उतारांवर वाढतें. कोंकणच्या दमट उष्ण हवेचें तें झाड नव्हे. परंतु त्याचा एक जवळचा आप्त आपल्या बांधावर आधींच येऊन राहिला आहे. जॅकिन या वनस्पतिशास्त्रज्ञानें १७६० सालीं त्याचें वर्णन केलें, तेव्हां त्यास रोबिनियाच्याच कुळींत घालून 'रोबिनिया सेपियम' असें नांव दिलें होतें. पुढें तें 'ग्लिरिसिडिया सेपियम' झालें. त्यासच आपण गिरिपुष्प, आणि खेडोपाडीं उंदीरमारी, म्हणतों.

हें झाड मेक्सिको व मध्य अमेरिकेचें. तेथें कोकोच्या बागांना सावली देण्यासाठीं तें लावीत, म्हणून त्यास 'कोकोची माय' असेंही म्हणतात. शास्त्रीय नांवांतील पहिल्या शब्दाचा अर्थ उंदीर मारणारें आणि दुसऱ्याचा कुंपणाचें असा आहे. पौष-माघाच्या सुमारास पानें गळून बोडक्या फांद्यांवर फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांचे घोंस येतात, चैत्र-वैशाखांत नवी पालवी फुटते आणि मृगाच्या पावसापर्यंत झाड पाल्यानें भरून जातें. भाताच्या लावणीस पाला हवा असतो नेमका त्याच वेळीं. आमच्या हंगामाशीं या झाडाचा असा मेळ आहे.

हिशेब करून पाहूं

स्तुति पुष्कळ झाली; आतां माप घेऊं. गिरिपुष्पाच्या ओल्या पाल्यांत पाणीच फार असतें. १०० किलो ओला पाला सुकविला, तर २० ते २५ किलो उरतो. सुक्या पाल्यांत शेंकडा ३ च्या आसपास नत्र असतो. म्हणजे १०० किलो ओल्या पाल्यापासून ६०० ते ७५० ग्रॅम नत्र मिळाला. भातासाठीं गुंठ्यास ३० किलो पाला घालावा अशी शिफारस आहे; त्या मानानें ४० गुंठ्यांच्या एकरास १२०० किलो पाला लागेल आणि त्यांतून सात ते नऊ किलो नत्र जमिनींत जाईल. युरियांत शेंकडा ४६ नत्र असतो; तेव्हां हा नत्र १६ ते २० किलो युरियाच्या बरोबरीचा झाला. ४५ किलोंच्या एका गोणीच्या निम्म्याहूनही तो कमी भरतो.

येथें वाचक म्हणेल, 'अर्ध्या गोणीसाठीं बाराशें किलोंचें ओझें कोणी वाहावें?' हा आक्षेप योग्य आहे, आणि जे लोक गिरिपुष्पानें युरियाची गरजच संपते असें सांगतात त्यांच्यापाशीं त्याचें उत्तर नाहीं. आमचें उत्तर असें. पहिली गोष्ट, गोणीत फक्त नत्र आहे. पाल्याबरोबर पालाश, थोडा स्फुरद आणि २४० ते ३०० किलो कोरडा सेंद्रिय माल जमिनींत जातो. रिकाम्या गोठ्याची उणीव हीच आहे, आणि ती कोणत्याही गोणीनें भरून येत नाहीं. दुसरी गोष्ट, वरून फेंकलेला युरिया मोठ्या पावसांत बांध फोडून वाहणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातो. पाला चिखलांत कुजत कुजत आपला नत्र हळूहळू सोडतो. तिसरी गोष्ट ओझ्याची. राबाची डहाळी डोंगरावरून आणावी लागे. गिरिपुष्पाचा पाला ज्या बांधावर तोडला त्याच्याच खालच्या खाचरांत पडतो. १२०० किलो म्हणजे २५ किलोंचे ४८ भारे झाले खरे, पण प्रत्येक भाऱ्यास चालणें दहा-वीस पावलांचें.

झाडें किती लागतील? चांगलें वाढलेलें झाड एका छाटणीस ५ ते १० किलो पाला देतें. एकरास १२० ते २४० झाडें पुरे. चौरस एकराचा घेर सुमारें २५४ मीटर भरतो; एक मीटर अंतरानें लावल्यास कडेच्या बांधावरच २५० झाडें बसतात. कांहीं बांध शेजाऱ्याशीं समाईक असतात, कोठें वाट व पाण्याची मोरी सोडावी लागते. पण आपल्याकडे खाचरें लहान असून आंतले बांधही पुष्कळ असतात, तेव्हां जागेची अडचण पडूं नये.

लागवड

लागवड दोन रीतींनीं होते. बियांपासून केलेल्या रोपांचीं मुळें खोल जातात आणि झाड वाऱ्यापावसांत पक्कें राहतें. शेंगा पिवळट-तपकिरी होतांच, त्या तडकून बीं उडण्यापूर्वीं, तोडाव्या. बीं रात्रभर पाण्यांत भिजवून वैशाखाच्या आरंभीं पिशव्यांत लावावें. आठ-दहा दिवसांत तें उगवतें आणि पावसाळ्याच्या तोंडीं रोप लावण्याजोगें होतें.

दुसरी रीत खुंटांची. ती झटपट फळ देते, म्हणून वई घालण्यास उत्तम. खुंट जून लांकडाचा, तपकिरी सालीचा, तीन ते पांच सेंटिमीटर जाडीचा आणि एक ते दीड मीटर लांबीचा असावा. खालचें टोंक तिरपें छाटून तो एक वीतभराहून अधिक खोल पुरावा व भोंवतालची माती पायानें दाबावी. येथें आमची स्वतःची चूक सांगणें उपयोगाचें होईल. पहिल्या वर्षीं आम्हीं आंगठ्याएवढ्या जाडीच्या हिरव्या काठ्या, त्याही बांधाच्या पायथ्याशीं, खोंचल्या. आषाढांत खाचराचें पाणी त्यांच्या मुळाशीं उभें राहिलें आणि निम्म्याहून अधिक काठ्या कुजल्या. दुसऱ्या वर्षीं जून खुंट बांधाच्या माथ्यावर लाविले, ते टिकले. पाणी साचेल तेथें हें झाड नको.

बांधाची दिशाही पाहावी. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या बांधावरील झाडांची सावली पावसाळ्यांत बहुतेक बांधावरच राहते, कारण त्या दिवसांत मध्यान्हीं सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. दक्षिण-उत्तर बांधावरील झाडांची सावली सकाळ-संध्याकाळ खाचरांत लांबवर पडते. म्हणून तेथें झाडें विरळ लावावीं व ठेंगणीं ठेवावीं.

भात कापल्यावर गुरें मोकळीं सुटतात. इतर रोपांचा त्यांत नायनाट होतो. पण गिरिपुष्पाच्या उग्र वासामुळें गाईबैल त्यास सहसा प्रथम तोंड लावीत नाहींत. शेळ्यांपासून मात्र पहिलें वर्ष जपावें, आणि फाल्गुनांतील वणव्यापासून वांचविण्यासाठीं बांधावरचें गवत माघांतच कापून घ्यावें.

छाटणी आणि पाला गाडणें

पहिलें वर्ष कोयता लावूं नये. दुसऱ्या पावसाळ्यापासून जमिनीपासून पाऊण ते एक मीटर उंचीवर सर्व फांद्या छाटाव्या. घाव धारदार कोयत्यानें, तिरपा व एका दमांत घालावा; साल फाटली तर खोड कुजतें.

लावणीच्या आधीं सुमारें एक आठवडा पाल्यासह फांद्या खाचरांत पसराव्या. एक-दोन दिवसांत पानें आपोआप सुटून पडतात. मग नुसत्या काठ्या झटकून उचलाव्या व मोळ्या बांधून ठेवाव्या; त्यांचें सरपण चांगलें होतें. काठ्या तशाच राहूं दिल्यास लावणी करणाऱ्या बायकांच्या हातापायांस टोंचतात, हें विसरूं नये. यानंतर चिखलणी करून पाला पूर्ण गाडावा. पाला कोंवळा व नत्रयुक्त असल्यामुळें लवकर कुजतो. मात्र पसरण्यापासून चिखलणीपर्यंत खाचराची मोरी बंद ठेवावी; नाहीं तर एका मोठ्या सरींत सारी मेहनत खालच्या शेजाऱ्याच्या शेतांत जाईल.

हा पाला एकटा वापरण्यापेक्षां चारसूत्री पद्धतींत अधिक फळ देतो. ही पद्धत कृषिशास्त्रज्ञ डॉ. ना. कृ. सावंत यांच्या नांवाशीं निगडित आहे. तिचीं चार सूत्रें अशीं : तरव्याच्या गादीवाफ्यांत भाताच्या तुसाची काळी राख मिसळणें व पेंढा शेतांत परत घालणें, गिरिपुष्पाचा पाला गाडणें, १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर नियंत्रित लावणी करणें, आणि युरिया व डीएपी यांची गोळी दर चार चुडांच्या मध्यभागीं चिखलांत खोल खोंचणें. गोळी २.७ ग्रॅमची असते; एकरास सुमारें २५,००० गोळ्या, म्हणजे ६८ किलोंच्या आसपास खत लागतें. खोल गेलेलें खत पाण्याबरोबर वाहत नाहीं. पहिल्या सूत्रानें राब भाजण्याची गरज उरत नाहीं आणि दुसऱ्यानें डोंगरावर जाण्याची. ही जोडी आमच्या भागास विशेष हितकर आहे.

दुसरी छाटणी भाद्रपदांत, दाणा भरण्यापूर्वीं करावी. या वेळीं मुख्य हेतु पिकावरील सावली काढण्याचा असतो. पाला बांधावर किंवा खताच्या खड्ड्यांत घालावा. तिसरी, झाडें जोरांत असतील तरच, कार्तिकांत करावी. भातानंतर आपण ओलीवर वाल घेतों. त्या वाफ्यांत हा पाला पसरल्यास ओल अधिक दिवस टिकते. बियांसाठीं मात्र पांच-सात झाडें कार्तिकांत न छाटतां राखून ठेवावीं, म्हणजे तीं फुलतील.

खारांतील शेतकऱ्यांस

पेणच्या पश्चिमेस धरमतरच्या खाडीलगत आणि रोह्यांत कुंडलिकेच्या मुखाकडे ज्यांच्या जमिनी खारांत आहेत, त्यांस वेगळें सांगणें अवश्य आहे. हें झाड खारें पाणी व दलदल सोसत नाहीं. शिवाय खाडीकडच्या बांधावर व उघाडीजवळ तें मुळींच लावूं नये. वाऱ्यानें हालणारें खोड माती सैल करतें, आणि मेलेल्या मुळाच्या जागीं पोकळी राहते. एका पोकळींतून उधाणाचें पाणी शिरलें तर संबंध गांवाचें भात जातें. खारजमिनींच्या रक्षणासाठीं १९४८ सालीं आणि पुन्हां १९७९ सालीं कायदे करावे लागले, त्यावरून या बांधांचें मोल समजावें. त्या बांधाबाहेरचीं खारफुटीचीं झाडें हीच त्याची खरी वई होय. तिला हात लावूं नये. खारांतील शेतकऱ्यानें गिरिपुष्प आपल्या परड्यांत किंवा वरकस जमिनीच्या कडेस लावावें, आणि पाला खालीं न्यावा. ज्याच्याजवळ वरची जमीन नाहीं, त्यानें खार व पाणी दोन्ही सोसणारा धैंचा करून पाहावा.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी

पाला शेळ्यांस व गुरांस थोडा सुकवून, इतर वैरणींत मिसळून द्यावा. संवय लागल्यावर तीं खातात. घोड्यास तो अपायकारक आहे. उंदीर मारण्यासाठीं मध्य अमेरिकेंत याचीं पानें व साल धान्यांत मिसळून आंबवीत. पण घरांत मुलें, कुत्रीं, कोंबड्या वावरत असतां हा प्रयोग करूं नये. झाड परकीय आहे, म्हणून डोंगरावरचा ऐन, किंजळ किंवा बांधावरचा जुना करंज काढून त्या जागीं हें लावण्याचा मोह टाळावा. करंजाचा पाला आमचे पूर्वज खतासाठीं वापरीत आले आहेत. त्यास दुसरें झाड जोडावयाचें आहे, त्याची जागा घ्यावयाची नाहीं.

सर्वांत मोठा दोष मात्र झाडांत नसून आपल्यांत आहे. बांधावर गिरिपुष्प लावलेलें पुष्कळ दिसतें. वेळेवर छाटलेलें थोडें. मृगांत माणूस मिळत नाहीं, म्हणून छाटणी राहते. झाड घराएवढें होतें, त्याच्या सावलींत दोन-तीन हात भात पोचट राहतें, आणि मग शेतकरी म्हणतो कीं झाडानें शेत खाल्लें. वास्तविक कोयता न लावलेलें गिरिपुष्प हें न काढलेल्या दुधाच्या गाईसारखें आहे; चारा ती खाते आणि घरांत थेंब येत नाहीं. ज्याच्या घरीं छाटणीस हात नाहींत, त्यानें एक एकर बांध न लावतां दहा गुंठ्यांचाच लावावा. तेवढ्यास ३०० किलो पाला व तीस ते साठ झाडें पुरतात. दोन माणसांचें एका दिवसाचें तें काम आहे. शेजारचीं चार घरें एकत्र येऊन पाळीपाळीनें एकमेकांचे बांध छाटतील तर आणखी उत्तम. लावणीस आपण अजूनही एकमेकांच्या शेतांत उतरतों. छाटणीस कां उतरूं नये?

आमचें वाचकांस सांगणें एवढेंच आहे. या चैत्रांत शेंगा गोळा कराव्या, किंवा शेजाऱ्याकडून पंचवीस-तीस जून खुंट मागून घ्यावे, आणि दहा गुंठ्यांच्या एकाच खाचराभोंवतीं ते लावावे. तिसऱ्या वर्षीं त्या खाचरांतील भात बाजूच्या खाचरांतील भाताशीं स्वतः मोजून ताडून पाहावें, आणि मूठभर माती हातांत घेऊन तीही पाहावी. अधिक माहितीसाठीं रोह्याजवळ किल्ला येथें कृषि विज्ञान केंद्र आहे, आणि भातापुरतें कर्जतचें संशोधन केंद्र आहे. तेथील मंडळींस अवश्य विचारावें. परंतु अखेरचा निवाडा आपल्या खाचराचा. गोठा पुन्हां भरणें कदाचित् आपल्या हातीं नसेल. बांध भरणें आहे.